पार्लरमधला बोर्ड घरच्या टीव्हीला जोडायचा खर्च: खरंच किती येतो?

शहापूरचा_पिंट्या
नमस्कार मंडळी. निपाणीतल्या एका बंद पडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरच्या गोडाऊनमध्ये मुस्तफाचा बोर्ड (पार्लरच्या मशीनमधली सर्किटची पाटी, सगळा खेळ तिच्यातच) पडून आहे. मालकाचा मुलगा अडीच हजाराला द्यायला तयार आहे, बोर्ड चालू आहे म्हणतो. (नव्या पोरांसाठी: मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. आपल्याकडे मूळ नाव कुणाच्या तोंडी बसलंच नाही. पिवळ्या टोपीवाल्या गड्याच्या नावावर खेळ खपला.)

मला तो घरच्या टीव्हीवर खेळायचा आहे. पेटीत बोर्ड, बाहेर दोन हँडल, मागे टीव्हीची वायर, म्हणजे घरचा कन्सोलच. पुण्याच्या एकाला विचारलं तर बोर्ड माझाच धरून वर अठ्ठावीस हजार सांगितले. बोर्ड अडीच हजाराचा आणि डबा अठ्ठावीस हजाराचा, हे गणित मला कळेना. पैसे नेमके जातात कुठे? इथे कुणी केलंय का?

मीनल_बी
पिंट्या, आधी नावडतं बोलते. रास्पबेरी पाय (हाताएवढा छोटा संगणक), मेमरी कार्ड, चार्जर आणि दोन बरे गेमपॅड दहा हजारांच्या आत येतात, आणि त्यात मुस्तफाबरोबर शेकडो खेळ चालतात. बोर्डाचा नाद कशाला?

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूने आहे. हा खेळ कायदेशीररीत्या घरी खेळायची सोयच नाही. कॅपकॉमने तो कुठल्याच घरगुती कन्सोलवर कधी आणला नाही. पात्रं एका अमेरिकन कॉमिकची, त्यामुळे हक्कांचं त्रांगडं. २०१८ ला त्यांनी मारामारीच्या जुन्या खेळांचा संच काढला, त्यातही हा नव्हता. तेव्हा पाय घेतलास तरी रॉमची (खेळाच्या चिपमधून उतरवलेली) फाइल कुठून आणणार, हा प्रश्न उरतोच.

शहापूरचा_पिंट्या
ताई, पाय आहे माझ्याकडे. खेळून झालंय. बोर्डच हवाय.

मीनल_बी
मग बोलणंच खुंटलं. 😄 कर.

सोल्डरमास्तर_खानापूर
तरुण मंडळींनो, मी चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले. ऐंशीच्या शेवटी बेळगावात पार्लरं आली तेव्हापासून हे बोर्डही हातातून गेलेत. पुण्यातला माणूस लुटूलालाय असं मला वाटत नाही. तुम्ही बोर्डाची किंमत विचारताय, तो पैसे मागतोय बोर्डाभोवतीच्या सगळ्या गोष्टींचे. एकेक सांगतो.

बोर्डाच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची जी रांग दिसते ती जाम्मा. जपानी कंपन्यांनी ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ठरवलेलं प्रमाण: ५६ पट्ट्या, प्रत्येक बाजूला २८. वीज, चित्र, आवाज, नाणं, हँडल, बटणं, सगळं त्या एकाच कनेक्टरमधून. म्हणूनच पार्लरवाला रात्रीत खेळ बदलू शकायचा, कॅबिनेट तेच आणि बोर्ड दुसरा. तुम्हाला घरी काय करायचंय? त्या ५६ पट्ट्यांना कॅबिनेट असल्याचा भास द्यायचा. तयार हार्नेस (कनेक्टर आणि वायरींचा जुडगा) तीन-चारशेला मिळतो.

वीज: जाम्मावर +५, +१२ आणि −५ व्होल्ट अशा तीन जागा असतात. −५ फार जुन्या बोर्डांनाच लागतं. +१२ बहुतेक वेळा फक्त आवाजाच्या अँप्लिफायरसाठी. खरं काम पाच व्होल्टचं. आर्केडचा (पार्लरच्या मशीनचा) एसएमपीएस, म्हणजे वीज देणारा डबा, घ्या, सहा-सातशेला येतो, त्यावर पाच व्होल्ट कमीजास्त करायचा छोटा स्क्रू असतो. तो महत्त्वाचा. मीटर एसएमपीएसच्या टोकाला लावू नका, बोर्डावर लावा. वायर बारीक असेल तर वाटेतच पाव व्होल्ट गळतो आणि बोर्ड मध्येच अडकतो. मग लोक म्हणतात बोर्ड खराब. पट्टी १ ते ४ आणि त्यांच्या मागच्या बाजूच्या अ ते ड, या आठही जागा जाड वायरीने जोडा, दोन जोडून भागवू नका.

आवाज: इथे लोक बोर्ड जाळतात. जाम्मावर येणारा आवाज स्पीकरसाठी आधीच मोठा केलेला असतो. तो थेट टीव्हीच्या ऑडिओत घालू नका. आणि स्पीकरच्या मायनसला ग्राउंड समजून बांधू नका, काही बोर्डांत दोन्ही टोकं जिवंत असतात. मध्ये लहान ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतून निघतो, शंभर रुपयांचंही काम नाही.

चित्राचं वेगळं लिहितो, ते लांब आहे. आता जेवायला हाक आली.

निपाणीचा_गल्लेवाला
तो मालकाचा मुलगा मीच. 🙏 पिंट्याभाऊ, इथे जाहीर करून टाकलंत की, आता भाव वाढवावा लागेल. (गंमत करतो.)

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. बोर्ड कॅपकॉमचा ओरिजिनल नाही. डुप्लिकेट आहे. त्या काळी या भागात जे फिरत होते त्यातले बहुतेक डुप्लिकेटच. वडिलांनी तो मुंबईहून आणलेला. आवाज थोडा पत्र्यासारखा येतो, संगीत ओरिजिनलसारखं नाही. एक रुपयाचं नाणं घालून खेळणाऱ्या पोरांना त्याचं काही नव्हतं. त्यांचं भांडण एकच: लाइट गेली की नाणं परत द्या.

शहापूरचा_पिंट्या
डुप्लिकेट? मग अडीच हजार जास्त नाहीत का?

चिकोडीचा_नील
उलट आहे. मी सांगतो का ते.

ओरिजिनल मुस्तफाच्या बोर्डावर एक बॅटरी असते. ती चालू आहे तोवरच आतल्या मेमरीतली, कुलूपबंद प्रोग्रॅम उलगडणारी चावी जिवंत. बॅटरी संपली की चावी पुसली जाते आणि बोर्ड सुरू होत नाही. आर्केडवाले तिला 'सुसाइड बॅटरी' म्हणतात. नक्कल रोखायला कंपनीने केलेली सोय. कॅपकॉमच्या पुढच्या सीपीएस-२ बोर्डांतही तेच. त्यांच्या चाव्या परत लिहायची पद्धत २०१६ मध्ये लोकांनी शोधून काढली, आता स्वस्तातल्या आर्डुइनोने (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाने) होतं, पण ते करणारा माणूस आपल्या भागात शोधावा लागेल. नक्कल करणाऱ्यांनी हे कुलूपच काढून टाकलं, म्हणून १९९३ चा डुप्लिकेट बोर्ड आजही लावला की चालतो. चोरीचा माल टिकला आणि खरा माल मेला. काय म्हणायचं याला!

आवाजाचं: ओरिजिनलमध्ये क्यूसाउंड नावाची चिप होती. नकलेत साधी ओकेआयची चिप घालून वेळ मारली. तो पत्रा तिथून येतो, दुरुस्त होणार नाही.

मी स्वतः निओ जिओचा एमव्हीएस कन्सोल केलाय, त्याचा खर्च लिहितो म्हणजे तुलना होईल.

एसएनके या जपानी कंपनीने १९९० मध्ये निओ जिओ हे एकच मशीन दोन रूपांत काढलं. पार्लरसाठी एमव्हीएस, घरासाठी एईएस. आत तोच ६८००० प्रोसेसर १२ मेगाहर्ट्झचा, तोच झेड-८०, तीच यामाहाची आवाजाची चिप. पण घरच्या मशीनचा अमेरिकेतला भाव ६५० डॉलर आणि एकेक कार्ट्रिज दोनशे डॉलरच्या आसपास. तेव्हाच्या सतरा-अठरा रुपयांच्या दराने नुसतं मशीन अकरा हजारांवर. बेळगावात १९९० ला अकरा हजार म्हणजे काय, ते काकांना विचारा. घरची कार्ट्रिजं कमी खपली म्हणून आज दुर्मीळ, काहींचे भाव लाखांत. तोच खेळ पार्लरच्या कार्ट्रिजवर काही हजारांत मिळतो. म्हणून जगभर लोक एमव्हीएस घरी आणतात. यात पैसे मशीनवर वाचत नाहीत, खेळांवर वाचतात. एकच खेळ खेळणार असाल तर हा हिशोब बसत नाही.

माझा बोर्ड परदेशातून आला आणि खरा घाम तिथे फुटला. वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर कस्टम, त्यावर आयजीएसटी, वरून कुरिअरवाल्याचं हाताळणीचं बिल. शिवाय जुन्या वापरलेल्या मालाच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत, पार्सल अडकलं की पत्रव्यवहार सुरू. दारात येईपर्यंत बोर्ड जवळजवळ दुप्पट पडला. पिंट्या, तुझा बोर्ड निपाणीहून एसटीने येतोय, यातच तू अर्धी लढाई जिंकलास.

आणि एमव्हीएस घेणार असेल त्याने आधी बोर्डावरची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी बघायची. ती पाझरते आणि आजूबाजूचे ट्रॅक खाते. हिरवट बुरशी दिसली तर भाव पाडा. पाझर अल्कली असतो, म्हणून व्हिनेगरने धुवायचा, नंतर स्पिरिटने. जागी सीआर-२०३२ या बटण सेलचा खण बसवायचा, पण मध्ये डायोड हवाच, नाहीतर बोर्ड त्या सेलला चार्ज करायला बघतो आणि सेल फुगतो.

हिंडलगा_नाका
मग सेगाचा नाओमी हा पार्लरचा बोर्डच घ्या की! तो म्हणजे त्यांचा घरचा कन्सोल ड्रीमकास्टच, नुसती मेमरी जास्त. मुख्य मेमरी ड्रीमकास्टला १६ एमबी, नाओमीला ३२. आणि चित्र थेट व्हीजीएला, काही बदलायची गरज नाही.

चिकोडीचा_नील
बरोबर, पण मग सरळ ड्रीमकास्टच घ्यावा. त्यातले किती तरी खेळ दोन्हीकडे आहेत. आणि नाओमीला ३.३ व्होल्टही लागतात, पिंट्याचा आर्केड एसएमपीएस त्यावर चालणार नाही.

सोल्डरमास्तर_खानापूर
जेवण झालं. आता चित्र. इथेच तुमचा सगळ्यात जास्त पैसा जाणार किंवा वाचणार, म्हणून सावकाश वाचा.

आर्केड बोर्ड लाल, हिरवा, निळा (आरजीबी) असे तीन वेगळे सिग्नल आणि चौथा सिंक (चित्राच्या ओळी जागेवर धरणारा) देतो. ओळींचा वेग सेकंदाला साधारण पंधरा हजार. हा जुन्या नळीच्या टीव्हीचा वेग. आजच्या एलईडीला तो थेट समजत नाही. दुसरं, आर्केडचा सिग्नल मॉनिटरच्या चासीसाठी बनलेला, काही व्होल्टचा. टीव्हीच्या बाजूला ७५ ओहमवर ०.७ व्होल्ट अपेक्षित असतात. तसाच घातला तर चित्र पांढरं फट्ट, आणि महागड्या कन्व्हर्टरचा इनपुटही जाऊ शकतो. तीन रंगांना तीन प्रीसेट (फिरवून कमीजास्त करायचे रेझिस्टन्स) लावा, सिंकला एक रेझिस्टन्स. सगळं मिळून पन्नास रुपये. पण हे न कळल्यामुळे लोकांचे हजारो जातात.

मग रस्ते उरतात तीन.

नव्या एलईडीवर हवं असेल तर स्केलर, म्हणजे जुना सिग्नल नव्या टीव्हीला समजेल असा बदलून देणारा बोर्ड. स्वस्तातला जीबीएस-८२०० नावाचा बोर्ड दोन-अडीच हजारांत येतो, आर्केडसाठीच बनलेला. त्याचं मूळ सॉफ्टवेअर भिकार आहे, हँडल मारल्यावर मुस्तफा क्षणभर उशिरा हलतो. त्यावर पाच-सहाशेचे सुटे भाग (एक वायफायची चिप, एक घड्याळाची) घालून जीबीएस-कंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर चढवलं की उशीर जातो. पुढे व्हीजीएचं एचडीएमआय करणारा डबा. महाग रस्ता म्हणजे रेट्रोटिंकसारखे तयार स्केलर. त्यांचा ४के बाजारात आला तेव्हाच ७५० डॉलरचा होता. पुणेकराने यातला मधला एखादा धरला असणार, अठ्ठावीसमधले दहा-बारा तिथेच.

दुसरा रस्ता: भंगारातला कंपोनंट इनपुटवाला नळीचा टीव्ही. लाल-हिरव्या-निळ्या तीन पिना मागे असतात ना, तो. २००० नंतरच्या मोठ्या टीव्हींत असायच्या. आरजीबीचं कंपोनंट करणारा डबा दोन हजारांच्या आसपास, टीव्ही लोक फुकट देतात, वर उचलून न्यायला आभार मानतात.

तिसरा माझा आवडता. कुठलाही नव्वदीनंतरचा साधा रंगीत टीव्ही उघडा. चॅनेलचा नंबर किंवा आवाजाची हिरवी पट्टी पडद्यावर येते ती कुठून येते? आतल्या मुख्य चिपला आरजीबीचे वेगळे पाय असतात. टीडीए-८३६२ सारख्या चिपमध्ये ते सरळ मिळतात. त्या पायांवर बोर्डाचा सिग्नल रीतसर कमी करून घातला आणि ब्लँकिंगच्या (टीव्हीचं चित्र दाबून हे दाखवणाऱ्या) पायाला व्होल्टेज दिलं, की पार्लरच्या मॉनिटरला मान खाली घालायला लावेल असं चित्र येतं. खर्च चहापाण्याचा. पण हे घरी बसून यूट्यूब बघून करू नका. पिक्चर ट्यूबवर पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही राहतात. काही टीव्हींची आतली ग्राउंड थेट मेनला असते, त्यांना बोर्ड जोडला की बोर्ड आणि तुम्ही दोघंही गेलात. टीव्ही माझ्याकडे आणा, मी बघून सांगतो.

मीनल_बी
काका, हे वाचून मला पहिल्यांदा वाटलं की पाय विकावा. 🙏 एक शंका: आर्केडचे खेळ सेकंदाला बरोबर साठ फ्रेम देत नाहीत ना? नीलच्या निओ जिओचा वेग ५९.२ च्या आसपास आहे. नवे टीव्ही ते घेतात?

चिकोडीचा_नील
काही घेतात, काही 'सिग्नल नाही' म्हणून मोकळे होतात. माझ्या हॉलमधला घेतो, भावाच्या घरचा नाही घेत. विकत घेण्याआधी टीव्हीवर लावून बघायची सोय नसते, हा छुपा खर्च. काकांच्या नळीच्या टीव्हीला असले नखरे नाहीत.

उद्यमबागी
डब्याचं मी बोलतो, माझं शीटमेटलचं काम आहे. सगळे म्हणतात उद्यमबागेत (बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत) काय, डबा पाचशेत होईल. होत नाही भाऊ. १.२ एमएमच्या सीआर शीटचा माल दोन-तीनशेचाच. पण ड्रॉइंग करायचं, लेसरला प्रोग्रॅम घालायचा, बेंडिंगला सेटिंग लावायचं, हे एका नगाला आणि शंभर नगांना सारखंच. फौंड्रीत पॅटर्नचं तसंच असतं, एकच कास्टिंग मागायला आलात तर पॅटर्नचे पैसे तुमच्याच डोक्यावर. पावडर कोटिंगवाला एका डब्यासाठी भट्टी पेटवत नाही, दुसऱ्याच्या मालात घुसवावा लागतो, मग रंग त्याचा तो तुमचा. ट्रॅक्टरच्या पार्टांचा लाल चालत असेल तर लवकर होईल.

बोर्ड केवढा आहे? डुप्लिकेट बोर्ड दोन मजली असतात आणि भलते लांब. त्यात एसएमपीएस आणि स्केलर आतच घ्यायचा तर डबा व्हीसीआरपेक्षा मोठा होईल. तीन हजारांच्या खाली मी करणार नाही. त्यापेक्षा सुताराकडून प्लायचा करा, वरून सनमाइका. निम्म्यात होईल. पत्र्याचा केलात तर अर्थिंग डब्याला बांधायचं विसरू नका, आणि एसएमपीएसचं २३० व्होल्टचं टोक उघडं ठेवू नका, घरात पोरं असतात.

शहापूरचा_पिंट्या
आणि हँडल-बटणं? ऑनलाइन जपानी हँडलचे भाव बघून डोळे पांढरे झाले.

सोल्डरमास्तर_खानापूर
त्याला काहीही चालतं. जाम्माला हुशार कंट्रोलर नको. बटण दाबलं की ती पट्टी ग्राउंडला टेकते, बस. साधा मायक्रोस्विच. पीसीसाठी जो यूएसबी एन्कोडर विकतात तो घेऊ नका, इथे त्याचा उपयोग शून्य. देशी हँडल आणि बटणांचा दोन जणांचा संच दोन-अडीच हजारांत. मुस्तफाला मारायला एक आणि उडी मारायला एक, दोन बटणांत भागतं. तिसरं लावा, पुढे दुसरा बोर्ड आणलात तर कामाला येईल.

शहापूरचा_पिंट्या
बेरीज करून बघितली. बोर्ड २,५००. एसएमपीएस ७००. हार्नेस ४००. स्केलर सुट्या भागांसकट आणि एचडीएमआयचा डबा धरून ३,५००. हँडल-बटणं २,४००. प्लायचा डबा १,५००. वायर, फ्यूज, कनेक्टर, ट्रान्सफॉर्मर ८००. झाले ११,८००. काकांच्या तिसऱ्या रस्त्याने गेलो तर स्केलर जातो आणि आठ-साडेआठ हजारांत बसतं. आईच्या माळ्यावर जुना एकवीस इंची टीव्ही आहेच.

म्हणजे पुणेकर चढा सांगत होता की नाही?

चिकोडीचा_नील
तुझ्या बेरजेत मजुरी शून्य धरलीयेस. काकांची, सुताराला समजावून सांगण्याची, तुझ्या रविवारांची. त्याने ती धरली, वर महागडा स्केलर, वर बंद पडला तर परत बघायची हमी. अठ्ठावीस जास्त वाटतात, पण बावीस-तेवीसच्या खाली त्यालाही परवडलं नसतं. विकायला करणाऱ्याचा खर्च आणि स्वतःसाठी करणाऱ्याचा खर्च कधी सारखा येत नाही.

माझा सल्ला: डबा सगळ्यात शेवटी. आधी टेबलावर उघडाच जोड, काकांसमोर. महिनाभर खेळ. मन भरलं तर हार्नेस आणि एसएमपीएस पुढच्या बोर्डाला कामाला येतील, नुकसान फक्त अडीच हजार. लोक उलटं करतात, आधी सुंदर डबा आणि मग कळतं की बोर्ड अर्ध्या तासाने तापून अडकतो.

निपाणीचा_गल्लेवाला
अर्धा तास तर आम्ही दर गिऱ्हाइकाला चालवून दाखवायचो. या, समोर लावून बघा, पटलं तर पैसे द्या.

शहापूरचा_पिंट्या
रविवारी सकाळी येतो. काका, टीव्ही खानापूरला कधी आणू?

सोल्डरमास्तर_खानापूर
आधी मागचं झाकण न उघडता मॉडेल नंबरचा फोटो इथे टाका. चिप कुठली असेल ते त्यावरून कळेल. बोर्ड आणताना स्पंज खाली घाला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका.

मीनल_बी
एक राहिलं. मुस्तफा तीन जण खेळायचे ना? जाम्मावर तर दोघांचीच जागा आहे.

निपाणीचा_गल्लेवाला
तिसऱ्यासाठी बोर्डावर वेगळा छोटा कनेक्टर आहे, त्याची वायर वडिलांनी जपून ठेवलीय. आणि तीन हँडलचं जुनं पॅनलही गोडाऊनमध्ये आहे, मधलं हँडल ढिलं आहे पण मायक्रोस्विच ठीक आहेत. पाचशेत देतो, तुमचे हँडलचे दोन हजार वाचतील. फक्त पिंट्याभाऊ, रविवारी बाइकवर येऊ नका, ते पॅनल चार फुटी आहे.